नसलेल्या विजेची चोरी

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. या ग्रुपवर कुणी पांढऱ्या साडीचा नाहीतर चकव्याचा अनुभव टाकला, की खाली "झोप पुरेशी घेत जा" अशी कमेंट करणाऱ्यांतला मी. आजही मी घाबरून लिहीत नाहीये, संतापून लिहितोय. कारण माझ्यावर वीजचोरीचा आळ आलाय... आणि ज्या लाईनीतून मी वीज चोरली म्हणतात, त्या लाईनीत वीजच नाही. कित्येक वर्षांपासून नाही.

मी भिंगारला राहतो, एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला आहे. पण वाढलो तो कोपरगावच्या बाजूला, एका साखर कारखान्याच्या कॉलनीत. कारखान्याचं नाव लिहीत नाही. एक तक्रार डोक्यावर आहे, तिच्यात बदनामीची भर नको. माझे वडील, म्हणजे अण्णा, तिथे टर्बाईनवर ऑपरेटर होते. उसाच्या चिपाडावर बॉयलर, बॉयलरच्या वाफेवर टर्बाईन, आणि टर्बाईनच्या विजेवर अख्खा कारखाना चालायचा. उरलेली वीज कॉलनीला मिळायची. त्यामुळे आमच्या प्रत्येक क्वार्टरमध्ये दोन लाईनी होत्या. एक वीज बोर्डाची, मनात येईल तेव्हा जाणारी. दुसरी कारखान्याची. ती फक्त सीझनमध्ये असायची, पण असली की सगळा तालुका अंधारात असला तरी आमच्याकडे दिवे. म्हणून कॉलनीत टीव्ही कायम कारखान्याच्या सॉकेटवर असायचा. आमच्याकडे ते सॉकेट खिडकीखाली होतं आणि बोर्डाचं स्वयंपाकघराच्या दाराशी. एवढं लक्षात ठेवा, कारण सगळं प्रकरण या दोन सॉकेटवर उभं आहे.

कारखाना बंद पडला तो ऐन सीझनमध्ये. अण्णा दुसऱ्या पाळीला होते. वरून निरोप आला, वाफ बंद करा आणि घरी जा. हंगामाची सांगता नाही, पूजा नाही, कुणी चार शब्द बोललं नाही. अण्णांना त्याचंही काही वाटलं नाही. त्यांना लागलं ते एवढंच, की त्यांचा रिलिव्हर आला नाही. टर्बाईनवरचा माणूस पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडत नाही. प्रेशर किती, तेल कसं आहे, कुठे आवाज येतोय, हे सगळं त्याला तोंडी सांगायचं. याला चार्ज देणं म्हणतात. चार्ज दिला की मग आपला डबा उचलायचा. त्या दिवशी अण्णा थंड पडत चाललेल्या मशीनसमोर उभे राहिले आणि कुणीच आलं नाही. साहेब लोकांनी तोवर आपापल्या गाड्या काढल्या होत्या. हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढे आई गेली. शेजारी एकेक करून निघून गेले. टर्बाईनसुद्धा भंगारात विकलं गेलं, ट्रेलरवरून जाताना अण्णांनी स्वतः बघितलं. पण अण्णा क्वार्टर सोडायला तयार नाहीत. अखेर बँकेनं सगळी मालमत्ता ताब्यात घेतली आणि दारावर नोटीस चिकटवली. मी म्हणायचो, "अण्णा, भिंगारला चला. सून वाट बघतेय, खोली तयार आहे." त्यांचं एकच उत्तर.

"चार्ज दिला न्हाई आजून. कसा येऊ?"

"अण्णा, टर्बाईन राहिलं नाही तिथे. चार्ज कसला?"

"ते मला म्हाईत हाय. मी बघितलंय की जाताना."

लोक म्हणायचे डोक्यावर परिणाम झालाय. अजिबात नाही. पेन्शनच्या कामापासून गॅसच्या नंबरापर्यंत त्यांना सगळं ध्यानात असतं. फक्त या एका जागी ते अडून बसले होते. शेवटी बँकेचा सुपरवायझर सांगून गेला, की आता पोलीस घेऊनच येतो. पन्नास लोकांदेखत माझ्या बापाला दंडाला धरून बाहेर काढणार, या विचारानं मला अन्न गोड लागेना. काहीही करून त्यांना त्याआधी, त्यांच्या मर्जीनं बाहेर काढायचं होतं.

तेव्हा मला गेम आठवला. पॉलिटेक्निकला असताना मी एक सेकंडहँड गेम कन्सोल घेतला होता. पाळीवरून आले की अण्णा माझ्याशेजारी बसून त्यावर कारची रेस खेळायचे. त्यांची गाडी कधीच पहिली यायची नाही, कारण त्यांना जिंकायचं नसायचंच. स्पीडचा काटा एका जागी धरून ठेवायचा, बास. बाकीच्या गाड्या घूं घूं करत पुढे जायच्या आणि अण्णा समाधानानं काट्याकडे बघत बसायचे. म्हटलं, हे घेऊन जाऊ. दोन दिवस त्यांच्याजवळ बसू, जुन्या गोष्टी निघतील, मन वळेल.

कन्सोल ठीक होता, पण त्याचा विटेएवढा अडॅप्टर जळालेला. नवा मिळेना. मग लॅबमधल्या बाद पीसीचा एसएमपीएस — म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा तो पंखा लावलेला पत्र्याचा डबा — परवानगीनं घरी आणला. जुन्या अडॅप्टरची केबल कापली. एसएमपीएसच्या पिवळ्या वायरी बारा व्होल्टच्या, त्या पिवळ्यांना जोडल्या. काळ्या काळ्यांना. जांभळी पाच व्होल्टची, ती कन्सोलच्या लाल वायरीला. आणि हिरवी काळीला टेकवली की डबा सुरू होतो, म्हणून मध्ये एक साधं बटन टाकलं. प्रत्येक जोड मीटरनं तपासला. हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण "तुझ्याच वायरिंगमध्ये काहीतरी घोळ असेल" असं म्हणणारे शहाणे खाली येणारच आहेत. माझं पोट या कामावर चालतं. घोळ नव्हता.

रविवारी क्वार्टरवर पोचलो. दुपारी जेवणं झाली. टीव्ही आणि एसएमपीएस दोन्ही एका एक्स्टेंशन बोर्डात लावले, आणि एक्स्टेंशनची पिन खिडकीखालच्या सॉकेटमध्ये खुपसली. विचार केलाच नाही. लहानपणापासून टीव्हीची पिन तिथेच लावत आलो, हात आपोआप तिथे गेला. बटन दाबलं. पंखा घरघरला, कन्सोलचा हिरवा दिवा लागला, टीव्हीवर चित्र आलं. मी खूश.

अण्णा कॉटवर येऊन बसले. कंट्रोलर हातात घेतला आणि बघता बघता काटा एका जागी धरला. आई गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर असं काही मी पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "बोर्डाची लाईट अशी नसती."

"कशी?"

"चित्र बघ की. जरा हलंना."

"लाईट ती लाईट, अण्णा," मी म्हणालो आणि त्यांच्या कपाटाकडे बघत बसलो. आवरायचं झालं तर सुरुवात कुठून करावी, हे माझ्या डोक्यात चाललं होतं.

मग ते स्क्रीनवरची नजर न काढता, पाळीवरून आल्यावर आईशी बोलायचे तशा साध्या आवाजात म्हणाले, "परेशर बरोबर हाय. तेल मगाशीच बघितलंय. पल्याडच्या बेअरिंगला जरासा आवाज येतोय, तेवढं ध्यान ठेव."

"ठेवतो," मी म्हणालो. मला वाटलं, खेळाच्या नादात आहेत.

"तुला न्हाई सांगत," अण्णा म्हणाले.

त्यांनी कंट्रोलर कॉटवर ठेवला. उठले. फळीवरचा त्यांचा जुना पाळीचा डबा उतरवला, पुसला, पिशवीत घातला आणि म्हणाले, "चल. कवा निघायचं?"

मी काही विचारलं नाही. विचारलं आणि त्यांचं मन फिरलं तर? चादरी बांधायला घेतल्या. तेवढ्यात दारात आव्हाड उभा. हा बँकेनं नेमलेला सिक्युरिटीवाला, पाथर्डीकडचा, सज्जन माणूस. तो टीव्हीकडे बघतच राहिला.

"सर, लाईट कुठून घेतली?"

"कुठून म्हणजे? सॉकेटमधून."

"सकाळधरनं फिडर बंद हाय. गावात कुठंच न्हाई. माझा मोबाईल बी बंद पडलाय."

मी स्वयंपाकघरातलं बटन दाबलं. दिवा लागला नाही. छताचा पंखा लावला. फिरला नाही. थंडीचे दिवस, म्हणून सकाळपासून पंख्याकडे हात गेलाच नव्हता. मग मी एक्स्टेंशनच्या वायरीवरून नजर नेली, थेट खिडकीखालच्या सॉकेटपर्यंत... पिन कारखान्याच्या लाईनीत होती.

आव्हाडनं माझाच मोबाईल मागून घेऊन सुपरवायझरला फोन केला. त्याची नोकरीच ती, माझा त्याच्यावर राग नाही. राग आहे तो सुपरवायझरवर. तो आला तो थेट "आकडा टाकून वीज चोरता, लाज नाही वाटत" असं म्हणतच आला. माझ्या बापासमोर. मी त्याला हाताला धरून क्वार्टरच्या मागे नेलं. खांबावर कारखान्याच्या लाईनीचे चिनीमातीचे कप तेवढे आहेत. तार नाही.

आव्हाड स्वतः म्हणाला, "सायेब, तार भंगारवाल्यांनी कवाच नेली."

"मग बॅटरी असेल," सुपरवायझर म्हणाला. दोघांनी कॉटखाली बघितलं, माळ्यावर बघितलं, आईचा कपड्यांचा पेटारा उपसला. काही सापडलं नाही. या सगळ्या वेळात टीव्ही चालू होता आणि एसएमपीएसचा पंखा फिरत होता. सुपरवायझर पिन काढायला वाकला, तेव्हा अण्णा पहिल्यांदाच बोलले.

"बंद करू नका. मानूस ड्युटीवर हाय."

सुपरवायझरनं माझ्याकडे बघून कपाळाशी बोट फिरवलं. ते बोट मी विसरणार नाही. मग म्हणाला, पिन राहू दे, पंचनामा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सामान टेम्पोत भरून आम्ही निघालो, तेव्हा खिडकीतून टीव्हीचा उजेड दिसत होता. अण्णांनी मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. आव्हाडनं फोनवर सांगितलं, की सकाळी ते गेले तेव्हाही चालूच होतं. पिन काढली, बंद झालं. पुन्हा लावली तर काहीच नाही. टेस्टर लावला, दिवा लागला नाही. तरी तक्रार केलीच, माझ्या नावानं. बरं, चोरी कुणाची? बोर्डाचा माणूस म्हणतो, आमची लाईन बंद होती, आमची चोरी होऊच शकत नाही. बँक म्हणते, कारखान्याच्या लाईनीवरून घेतली म्हणजे आमची. जिथे टर्बाईन होतं तिथे आज नुसता चौथरा आहे, त्याच्या भेगांतून गवत उगवलंय. त्या गवताची वीज चोरली का मी?

आणि ज्याला त्याला स्पष्टीकरण द्यायची हौस. चुलतभाऊ म्हणतो इन्व्हर्टर लपवला असशील. लॅबमधले सर म्हणतात कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो. सर, तो चार्ज डोळ्याची पापणी लवेपर्यंत टिकतो, आमचा टीव्ही रात्रभर चालला. एका काकूंनी नारळ फोडायला सांगितलाय. मी तारेशिवाय वीज येते असं म्हणत नाही. कशी आली मला माहीत नाही, आजही नाही. माझं म्हणणं इतकंच, की तुम्हालाही माहीत नसेल तर चोर म्हणू नका.

अण्णा इथे छान रुळलेत. सकाळी लष्करी छावणीच्या रस्त्यानं फिरून येतात, नातीशी भांडतात, दुपारी घोरतात. तक्रारीचं मी त्यांच्यापासून लपवलं होतं, पण काल कागद आला आणि त्यांच्याच हाती पडला. त्यांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मला वाटलं आता हादरतील. ते भडकले.

"चोरी कसली? ड्युटीवरच्या मानसाला क्वार्टरमधी लाईट फुकट असती. कारखान्याचा नियम हाय तो. सांग त्यांना."

"ड्युटीवर कोण होतं, अण्णा?"

"माझा रिलिव्हर. आनि कोन?" एवढं साधं कळत नाही, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागद घडी करून माझ्या हातात दिला. "ते जाऊ दे. बेअरिंगचा आवाज कमी झाला का, तेवढं इचारून घे."

कुणाला विचारायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.