मत बदलायची सोय

माझी ताई मोर्शीला राहते. संत्री आणि भाजीपाला पिकवणाऱ्या बायकांच्या एका संस्थेची ती सभासद आहे. सभासद मोर्शी, भातकुलीपासून थेट चिखलदऱ्यापर्यंत विखुरलेल्या. अध्यक्ष निवडायला अमरावतीला यावं लागायचं, आणि निम्म्या जणी यायच्याच नाहीत. म्हणून मोबाईलवर मतदान घ्यायचं ठरलं. मी अमरावतीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे काम माझ्याकडे आलं.

मी ब्लॉकचेन वापरलं. त्यात प्रत्येक मत कुलूपबंद होऊन आधीच्या मतांना साखळीसारखं जोडलं जातं, आणि त्या साखळीच्या प्रती अनेक कॉम्प्युटरवर असतात. मधलं एखादं मत कोणी फिरवलं तर लगेच उघडं पडतं. मला ते फार देखणं वाटायचं.

चाचणीच्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला.

"देल्लं मत. तुह्या भाऊजीनं सांगतलं तिलेच देल्लं."

"काहून?"

"माह्या बाजूले बसून पाहून राहिले होते. नाही म्हटलं असतं तर दिवसभर तोंड फुगवून बसले असते. तुह्या साखळीले दिसते का, बाजूले कोण बसलं हाय ते?"

नव्हतं दिसत. मतदान केंद्रावर पुठ्ठ्याच्या आडोशामागे बाई एकटी असते. घरात तो आडोसा नाही. हॅकरचा विचार मी खूप केला होता, भाऊजींचा नाही. आणि भाऊजी काही वाईट माणूस नाहीत, म्हणून तर ते डोक्यातून जाईना.

मग मी एक बदल केला. मुदत संपेपर्यंत कितीदाही मत द्यायचं, शेवटचं धरलं जाईल. जुनं मत साखळीतून पुसता येत नाही, पण मोजणीतून वगळता येतं. मोबाईलवर आधीच्या मताची खूणही राहत नाही.

खऱ्या मतदानानंतर ताईनं पुन्हा फोन केला.

"घरी एकदा देल्लं, मंग संत्र्याच्या बगिच्यात जाऊन दुसऱ्यांदा देल्लं."

"कोणाले?" मी विचारलंच.

"तुले काहून सांगू?" ती हसून म्हणाली.

मतं माझ्यासाठीही कुलूपबंदच होती. निकाल लागला, कोणाची तक्रार आली नाही. किती जणींनी पुन्हा मत दिलं, तेवढाच आकडा मला दिसला. तो माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा होता. त्यातल्या किती जणींच्या बाजूला कोणी बसलं होतं आणि किती जणींचं मनच बदललं, हे मला माहीत नाही. चिखलदऱ्याला गेले की तिथल्या सभासदांना विचारावं असं वाटतं. मग वाटतं, विचारू नये.