विहिणीचा पाळणा आणि माझ्या दुरड्या

काय सांगू तुम्हाला, माणसाची अब्रू जायला चोर-दरोडेखोर लागत नाहीत. एक विहीण पुरते. माझी गेली ती भर दुपारी, सगळ्या आळीसमोर, आणि कशापायी तर दोन लेकरं नीट झोपावीत म्हणून. चहा गार करू नका, पीत पीत ऐका.

आधीच सांगते, मी शाळेचं तोंड बघितलं नाही. दूध सोसायटीच्या पाटीवरची अक्षरं बघून बघून वाचायला शिकले. दूध घालायला जायची, रांगेत उभी राहायची आणि पाटी वाचायची. त्यामुळं मला कुणी अडाणी म्हटलेलं खपत नाही. विहिणीनं मला कधी अडाणी म्हटलं नाही, हेच तर दुखणं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, धरून भांडले असते.

साल ते मिलोचं. रेशनला तांबडी ज्वारी मिळायची, भाकरी थापली की कडेनं तुटायची. तेरणा नदीत नुसती वाळू. आमचं गाव तेरच्या अलीकडं. मी आणि आमचे मालक दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. अशा सालात माझी सुमन बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला झाल्या जुळ्या पोरी.

आळीतल्या बायांनी सुस्कारे टाकले. शेजारची शेवंता म्हणाली, "दोन्ही पोरीच व्हय? एक तरी पोरगा द्यायचा देवानं."

मी म्हटलं, "तुझ्या घरी जेवायला येणार न्हाईत त्या. गप बस."

लोकांचं मला काही वाटत नव्हतं. मला धास्ती होती मुरूमची. सुमनचं सासर मुरूमचं. विहिणीचे मालक तिथल्या सोसायटीचे चेअरमन. घरात विजेचा पंखा, अंगणात पाण्याचा हौद, आणि विहिणीच्या तोंडात तर साखरेचा कारखानाच. दर तिसऱ्या वाक्याला 'आमच्या सोसायटीत'. आता सांगा, गोड बोलणाऱ्या बाईशी भांडायचं कसं? मला तरी ते अजून जमलेलं नाही.

पोरी आठवड्याच्या झाल्या असतील तेव्हा जावई येऊन सांगून गेले, "बारशाला आई येतीय. बारसं झालं की सुमनला नि पोरींना मुरूमला न्यायचं म्हणतीय. तिथं पाणी हाय, पंखा हाय."

बाळंतीण सवा महिना माहेरी राहते, ही रीत. बाराव्या दिवशी उचलून नेली म्हणजे गाव काय म्हणणार? आईला दोन लेकरं सांभाळता आली नाहीत म्हणणार.

मी म्हटलं, "पाणी म्या आणीन. डोक्यावरून आणीन. पर सवा महिना पोरी हितंच ऱ्हातील."

जावई तसे स्वभावानं गरीब. आईला दुखवायचं नाही, सासूलाही नाही. म्हणाले, "नर्सबाई म्हणतील तसं करू. बारशाला त्या वजन करायला येणारच हैत. हितली झोपायची सोय त्यांना पसंत पडली, तर ऱ्हाऊ द्या."

झालं. आता सगळी मदार झोपेवर.

नर्सबाई आधी एकदा येऊन गेल्या होत्या तेव्हा मी दोघींना लुगड्याच्या एकाच झोळीत घातलं होतं. बाईंनी ते बघून कपाळाला हात लावला. "मावशी, झोळीत मान वाकते. दोघी घरंगळून एकमेकीच्या तोंडावर पडल्या म्हणजे? श्वास कोंडंल की. दोघींना वेगवेगळं निजवा. उताणं. सपाट, घट्ट अंथरुणावर. उशी नको, तोंडावर गोधडी नको, बाजेखाली शेगडी नको. आणि तुम्ही कुशीत घेऊन झोपू नका, दिवसभर खडी फोडून आलेलं माणूस मेल्यासारखं झोपतं."

शेवटचं मला टोचलं, पण खरं होतं.

मग मी बुरडाकडं गेले आणि दोन दुरड्या विणून घेतल्या. सपाट बुडाच्या, रुंद, काठ आखूड. तळाला जुनी वाकळ घडी घालून अशी ताणून बसवली की मूठ आपटली तरी खड्डा पडू नये. एकेका दुरडीत एकेक पोरगी, उताणी. बघत राहावं असं दिसायचं. मनात म्हटलं, ये आता मुरूमकरणी, बघ आमची सोय.

मुरूमकरीण आली. सोबत जीपमधून उतरला पाळणा. सागवानी, पितळी कड्यांचा, वर चार पोपट, दांडीला लोकरीचे गोंडे.

आता तुम्हीच सांगा, पाळणा कुणी द्यायचा असतो? आजोळनं. ही आजोळची वस्तू. आणि ही बाई तो घेऊन माझ्याच दारात. सगळी आळी पोपट बघायला गोळा झाली. शेवंता तर एका पोपटाला हात लावून म्हणाली, "बोलंल की काय वाटतंय."

विहीण हळू आवाजात म्हणाली, "वाईट वाटून घिऊ नका अक्का. दुष्काळाचं साल, तुमच्यावर कशाला भार? आमच्या सोसायटीतला सुतार मोकळाच हुता."

त्या सुताराचा हात का नाही मोडला, असं माझ्या मनात आलं. तोंडानं म्हटलं, "चांगला हाय. जरा डुलतोय एका अंगानं, पर चांगला हाय."

डुलत नव्हता. मी तीनदा हलवून बघितला.

बारसं झालं. आता एक रीत ध्यानात ठेवा, पुढं तीच माझा गळा कापणार आहे. आमच्याकडं लेकराला पाळण्यात घालायच्या आधी पाट्याचा वरवंटा घेतात. त्याला बाळुत्यात गुंडाळतात, कुंची घालतात आणि लेकरासारखा पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. मग तो लेकराशेजारी ठेवतात, की पोर दगडासारखं टणक व्हावं. दोन पोरी म्हणून दोन वरवंटे घेतले. एक माझा, एक शेवंताचा. शेवंताला पंगतीची लसणाची चटणी वाटायची होती, म्हणून तिनं आपला लगेच सोडवून नेला. माझा पाळण्यातच राहिला. कुंचीसकट.

मी बाहेर पंगत वाढत होते. तेवढ्यात सुमननं एका पोरीला पाजायला आतल्या खोलीत नेलं. दुसरीला विहिणीनं पाळण्यात निजवलं आणि ती हात धुवायला गेली. हे मला पुढं कळलं. तेव्हा मला काय दिसलं, ते ऐका.

मी डाळीचं पातेलं घेऊन माजघरात आले. उजेड कमी. पाळण्यात बघते तर दोन कुंच्या. शेजारी शेजारी.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पकडली विहीण. दोघींना एका पाळण्यात. नर्सबाईंनी नको म्हटलेलं तेच. मी पातेलं ठेवलं आणि जवळची कुंची अलगद उचलली.

जड लागली. म्हटलं, आजोळचं पाणी आहे. अंग घट्ट लागलं. म्हटलं, ताकद आहे, माझ्यावर गेलीय. तोंड बघितलं नाही, कारण झोपलेल्या लेकराच्या तोंडाकडं टक लावू नये, दृष्ट लागते. दुरडीत उताणं निजवलं, माश्या येऊ नयेत म्हणून दुरडीच्या काठांवरून पातळ धडपं ताणून बांधलं, आणि शेजारी पहाऱ्याला बसले.

विहीण आली. पाळण्यात बघितलं, दुरडीकडं बघितलं. "हितं निजवली व्हय एकीला?"

"व्हय. जागा बदलली म्हून बघा कशी निवांत झोपली."

तिला वाटलं, वरवंटा शेवंतासारखा कुणी सोडवून नेला, आणि ही सुमननं पाजून माझ्याकडं दिली. आत सुमनला वाटत होतं, दुसरी पाळण्यात आहे. ते खरंच होतं. अशी सगळी बाजू माझ्या अडाणीपणाला अनुकूल.

थोड्या वेळानं पाळण्यातली रडायला लागली. विहिणीनं झोका दिला, पोपट हलवले, गोंडे नाचवले. पोरगी आणखी रडली. दुरडीतून हूं नाही की चूं नाही.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पंगतीतल्या बायांना हाका मारल्या. "या ग, बघा. सागवानी पाळण्यातली रडतीय आणि पाच आण्याच्या दुरडीतली कशी झोपलीय. लेकराला कळतंय आपलं घर कोणचं."

शेवंता वाकून म्हणाली, "हलत बी न्हाय की ग."

"समाधान म्हणत्यात त्याला. तुझ्या घरात कधी बघितलं न्हाईस."

जावयांनाही बोलावून आणलं. ते दुरडीकडं आदरानं बघून म्हणाले, "खरंच गुणाची हाय." विहिणीचा चेहरा पडला. इतका पडला की मला दुसऱ्यांदा जेवल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. काटा माजघरातल्या आढ्याला अडकवला. पाळण्यातलीचं वजन झालं. बाई म्हणाल्या, "ठीक हाय, वाढतीय."

मी म्हटलं, "आता आमच्या दुरडीतलीचं करा. म्हंजी कळंल, कुणाच्या सोयीत लेकरू भरतंय. पर कुंची काढू नका, झोप मोडंल."

बाईंनी कुंचीसकट उचलून काट्याच्या झोळीत ठेवलं. काटा असा झरकन खाली गेला की बाईंनी त्याला टिचकी मारली. पुन्हा बघितला. "मावशी, हिला पाजता तरी काय?"

"आजोळ हाय बाई," मी म्हटलं, आणि विहिणीकडं बघितलं. ती पदराशी चाळा करत होती. जिंकले होते मी.

आणि सुमन बाहेर आली. खांद्यावर पोरगी.

सुमनच्या खांद्यावर एक. पाळण्यात एक. काट्याला एक.

सुमन म्हणाली, "आई, ती कोण?"

विहिणीनं तोंड उघडलं, तेच ते साखरेचं. "अक्का, तिळं झालं व्हय आमच्या सूनबाईला? कळवायचं तरी."

नर्सबाईंनी कुंची मागं सारली. आत माझा वरवंटा. उताणा. खाचेत कालची लसणाची चटणी.

बाया इतक्या हसल्या की पाळण्यातली रडायची थांबली. जावई अंगणात पळाले, तिथून त्यांचा खोकला ऐकू येत होता. शेवंता जमिनीवर बसून म्हणाली, "समाधान म्हणत्यात त्याला." मला कुठं बघावं कळेना, म्हणून पोपटांकडं बघत राहिले.

मनात एकच. गेल्या पोरी. जिला दगड आणि लेकरू ओळखता येत नाही, तिच्या हवाली कोण करणार?

नर्सबाईंनी डोळे पुसले. मग वाकून दुरडीतली वाकळ दाबली, काठ चाचपले, वर बघितलं, खाली बघितलं. "हसणं ऱ्हाऊ द्या. सोय मात्र बरोबर हाय. सपाट, घट्ट, एकेकीला वेगळी जागा, धूर न्हाय. पाळणा एकीपुरता चांगला, दोघींना न्हाय. आन् एवढ्या उन्हात एवढ्या लांब जीपमधून बाराव्या दिवसाच्या पोरी न्यायच्या न्हाईत. सवा महिना हितंच." माझ्याकडं वळून म्हणाल्या, "फक्त मावशी, निजवायच्या आधी तोंड बघत जा."

पोरी राहिल्या. मी जिंकले, पण असं जिंकणं वैऱ्यालाही नको.

संध्याकाळी विहीण निघाली. जीपमध्ये बसली, पण पाळणा चढवू देईना.

मी म्हटलं, "न्या की. माझ्याकडं दोन दुरड्या हैत, दोन लेकरं हैत."

"आसंल की," ती म्हणाली. "पर तिसऱ्यानं कुठं झोपायचं अक्का?"

तेव्हापासून तो वरवंटा माझा नातू आहे. एकुलता एक. पोरी मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली, अजून आल्या की विचारतात, "आजी, दादा काय करतोय?" मी सांगते, चटणी वाटतोय. आणि सांगते की तिघांत कधी उलटून बोलला नाही तो तेवढाच.

त्या वर्षी दिवाळीला मुरूमहून आहेर आला. पोरींना दोन फ्रॉक, आणि वेगळ्या कागदात एक टोपडं. बारीक टाक्यांचं, कडेला जरीची किनार. असला हात माझा कधी वळला नाही, वळणारही नाही. हेव्यानं मला त्या दिवशी करंजी गोड लागली नाही.

मी टोपडं तसंच घडी घालून फळीवर टाकलं. सगळ्यांना सांगितलं, असल्या थट्टेला मी भीक घालत नाही.

दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा दाराला कडी घातली आणि वरवंट्याला घालून बघितलं. मेलं बरोबर बसलं.