लाल आकडा आणि अण्णांचा गाळा

लॅपटॉप उघडून परत बंद केला की एखादा स्क्रू उरतो. तो कुठला हे कळत नाही, लॅपटॉप त्याच्यावाचून झकास चालतो, आणि तरी स्क्रू फेकवत नाही. आमच्या दुकानात अशा स्क्रूंची एक बरणी भरलीय. किश्शांचंही तसंच होतं. गिऱ्हाईक जातं, मशीन जातं, किस्सा मागे राहतो. आता बरेच साठलेत, तर म्हटलं थोडे सांगून टाकू. आज सांगायला मूडही चांगला आहे. का, ते कळेलच.

दुकान वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत. माझं आणि रसेलचं. आम्ही हार्डवेअरच्या कोर्सला एका बाकावर होतो. तो मशीन उघडतो, मी आतलं सॉफ्टवेअर बघते. गाळा मात्र अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आमचं घर गास गावात. अण्णा तिथे केळी आणि सोनचाफ्याची वाडी बघतात, आणि आठवड्यातून दोनदा केळ्यांचा घड घेऊन दुकानात येऊन बसतात. एका केकवाल्याला हा गाळा भाड्याने हवा होता. अण्णा त्याला म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत पोरीचं काय होतं ते बघतो. नाही जमलं तर गाळा तुमचा."

तर आमचं दुकान दिवाळीपर्यंत टांगणीला. आणि आमच्या मुळावर आला होता एक लाल आकडा!

विंडोजच्या पोटात रजिस्ट्री असते. कुठला प्रोग्राम कुठे आहे, कुणाची काय सेटिंग, सगळ्याची नोंद तिथे. जुने प्रोग्राम काढले तरी त्यांच्या थोड्या नोंदी मागे राहतात. राहू देत, कोणाचं काही अडत नाही. पण फुकटात मिळणारी ती क्लीनर सॉफ्टवेअरं असतात ना, ती या नोंदी शोधतात आणि स्क्रीनभर लाल अक्षरात ओरडतात, "तीनशे बारा चुका सापडल्या!" आपण त्या काढायच्या. चार दिवसांनी परत लाल आकडा. गिऱ्हाईक परत आमच्या दारात. "तुम्ही नीट केलंच नाही!"

अण्णा कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकायचे. एकदा म्हणाले, "प्राजू, तोच पेशंट त्याच दुखण्यासाठी परत परत यायला लागला, तर चूक पेशंटची नसते."

रसेलने निमूटपणे एक केळं सोललं.

* * *

चौधरीकाका आमच्याच गावचे, अण्णांचे मित्र, रिटायर्ड. रोज सकाळी बीपीची गोळी घेऊन झाली की ते क्लीनर चालवायचे. मग मला फोन. "प्राजू, माझं बीपी एकशे तीस. कॉम्प्युटरचं अजून दोनशेच्या वर!"

मी सगळ्या काढून दिल्या, तरी एक चूक रोज परत यायची. तीच चूक. काढली की दुसऱ्या सकाळी हजर. काका सगळ्या गावाला सांगत होते, "पोरगी गुणी आहे, पण हात अजून कच्चा आहे." हे अण्णांच्या कानावर जायला कितीसा वेळ लागतो? मी वैतागून काकांच्या घरी गेले आणि त्यांच्या मशीनसमोर मांडी ठोकून बसले.

निघालं काय, तर काकांचा जुना प्रिंटर. तो कधीच भंगारात गेला होता. पण त्याचं सॉफ्टवेअर मशीनमध्येच होतं. ते रोज सकाळी उठायचं, प्रिंटरला शोधायचं, आणि 'अजून सापडला नाही' अशी नोंद करून ठेवायचं. क्लीनर ती नोंद पुसायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शोध!

"काढून टाकते आता ते सॉफ्टवेअर," मी म्हटलं.

काकांनी माऊसवर हात ठेवला. मग म्हणाले, "नको गं. शोधू दे बिचाऱ्याला."

तेव्हापासून सकाळचा फोन चालूच आहे. फक्त तक्रार गेली. आता काका नुसतं कळवतात, "आज पण शोधतोय हो!"

* * *

इथल्याच एका हाउसिंग सोसायटीच्या ऑफिसमधलं मशीन. सेक्रेटरी घामाघूम होऊन आले. "मॅडम, रोज आकडा वाढतोय! चुका काढल्या की जास्त होतात!"

जाऊन बघते तर मशीनवर तीन क्लीनर. सेक्रेटरींनी एक टाकलेलं. खजिनदारांचा सेक्रेटरींवर विश्वास नाही, म्हणून त्यांनी दुसरं टाकलेलं. चेअरमनचा दोघांवर नाही! आणि प्रत्येक क्लीनर बाकीच्या दोघांच्या नोंदींना चूक म्हणत होतं. सकाळी एक साफ करायचं, दुपारी दुसरं, संध्याकाळी तिसरं. मशीन बिचारं कामाला लागायचंच नाही.

मी म्हटलं, "हे सोपं आहे. तिन्ही काढून टाकू."

"असं कसं? कमिटीची मीटिंग घ्यावी लागेल."

मीटिंग झाली. खूप भांडणं झाली म्हणे. पण तिन्ही क्लीनर काढायचा ठराव एकमताने पास झाला. सेक्रेटरींनी आनंदाने फोन केला. मी म्हटलं, "सुटले बाबा!"

"हो ना! आता फक्त चौथं कुठलं टाकायचं, त्यावर एक उपसमिती नेमलीय."

* * *

रसेलची फिलोमिना आत्या. तिच्या लॅपटॉपवर ती गावातल्या बायकांच्या सहलींची सगळी व्यवस्था बघते. तिलाही कुणीतरी क्लीनर टाकून दिलेलं. दर शनिवारी चुका काढायची, दर शनिवारी त्याच चुका सापडायच्या. मला वाटलं, ही आता रसेलच्या नावाने शंख करणार. पण आत्या एकदम शांत.

रसेलने विचारलं, "आत्या, तुला राग नाही येत? परत परत त्याच चुका?"

"कसला राग? मी दर शनिवारी देवळात जाऊन कुमसार करते. फादरसमोर गुडघे टेकून पापं सांगते. गेली चाळीस वर्षं तीच पापं सांगतेय. फादर कधी बोलले का, की मागच्या वेळी नीट माफ केली नव्हती?"

रसेल म्हणाला, "हे अण्णांना सांग ना एकदा."

आत्याने खरंच सांगितलं. अण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "बाई चांगली आहे. पण दुकान काय देवाच्या माफीवर चालतं?"

* * *

अर्नाळ्याच्या हिराबाई मासळी विकतात. मुलगा कॉलेजात. त्याचा लॅपटॉप त्या स्वतः घेऊन आल्या, दोन पिशव्यांत गुंडाळून. वरची पिशवी मासळीची होती, हे सांगायची गरज नव्हती.

"पोरी, याच्यात चुका हायेत म्हनते. लाल लाल. पोरगा दोन दिस जेवला नाय नीट, परीक्षा हाय त्याची."

स्क्रीनवर क्लीनर ओरडत होतं, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, लगेच पैसे भरा, सगळं साफ करून देतो. मी त्यांना समजावलं की धोका-बिका काही नाही, हा नुसता घाबरवायचा धंदा आहे. क्लीनर काढलं, पोराच्या फायली उघडून दाखवल्या. सगळं जागेवर.

हिराबाईंनी सुस्कारा सोडला. मग जरा चिडल्याच. "मी पन रोज बाजारात वरडते. पापलेट ताजा हाय, घ्या घ्या! पन नाय घेतला तर मरशील, असं कोनाला बोलते काय!"

त्या दिवशी अण्णाही दुकानात होते आणि पोट धरून हसले. मला बरं वाटलं. पण लगेच त्यांनी घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "केकवाल्याचा परत फोन आला होता." हसू तिथेच विरलं. दिवाळी तोंडावर आली होती, आणि त्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकं आकडा परत आला म्हणून भांडून गेली होती. रात्री जेवताना मी आईला सांगूनच टाकलं, नोकरी शोधायला लागते.

* * *

आणि आता शेवटचा. हा मी ज्याला त्याला सांगत सुटलेय.

गोखिवऱ्याला नयनावहिनींचा मशीन एम्ब्रॉयडरीचा गाळा आहे. कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं, कॉम्प्युटर ते मशीनला पाठवतो, मशीन कापडावर भरून काढतं. आमच्याकडे हल्ली हळदीला सगळ्या बायका एकसारख्या साड्या नेसतात आणि ब्लाउजच्या पाठीवर आपापलं नातं भरून घेतात. नवरीची काकी, नवरीची आत्या, नवरीची करवली. उद्यावर हळद आलेली, ब्लाउजांचा ढीग पडलेला, आणि सकाळी वहिनींचा फोन आला. त्या रडतच होत्या.

"प्राजू, मशीन बंद पडलं गं! सॉफ्टवेअर म्हणतंय लायसन्सच नाही! संध्याकाळी माणसं न्यायला येणार!"

रसेल नेमका विरारला गेलेला. दुकानात मी आणि अण्णा. अण्णांनी स्कूटरची किल्ली उचलली.

गोखिवऱ्याला पोचलो तर वहिनींचे मिस्टर, बाळाभाऊ, भिंतीकडे तोंड करून उभे. प्रताप त्यांचाच होता. स्क्रीनवर लाल आकडा दिसला, आणि हळदीच्या शुभ कामात चुका कशाला ठेवायच्या म्हणून त्यांनी सगळ्या एका झटक्यात साफ करून टाकल्या! क्लीनरने कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट केला. मशीनखालचा ब्लाउज अर्ध्यात अडकला. पाठीवर भरलेलं, 'नवरीची मा'.

"मावशी का मामी?" अण्णांनी विचारलं.

"कुणालाच आठवत नाहीये!" वहिनी ओरडल्या. "यादी कॉम्प्युटरातच आहे!"

मी बघितलं. एम्ब्रॉयडरीच्या सॉफ्टवेअरची लायसन्सची नोंदच क्लीनरला चूक वाटली होती आणि त्याने ती पुसून टाकली होती. कंपनीकडून नवीन लायसन्स यायला आठवडा गेला असता. वहिनी माझ्याकडे बघतायत, बाळाभाऊ भिंतीकडे बघतायत, आणि अण्णा स्टुलावर बसून माझ्याकडे बघतायत. वाटलं, आपलं दुकान इथेच बंद झालं.

मग लक्षात आलं, ही क्लीनरं काहीही पुसण्याआधी त्याची एक कॉपी ठेवतात. सगळीच ठेवतात असं नाही, पण ठेवतात. शोधायला लागले. सापडेना. बाळाभाऊ भिंतीलाच पुटपुटले, "मला त्याने काहीतरी विचारलं होतं, ठेवू का म्हणून. मी आपलं हो म्हटलं."

"बाळाभाऊ, देव तुमचं भलं करो!"

कॉपी सापडली. मी ती होती तशी परत घातली, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. आम्ही सगळे स्क्रीनकडे डोळे लावून. पहिल्यांदा काय उघडलं? क्लीनर! आणि त्याने भलामोठा लाल आकडा दाखवला.

नयनावहिनींनी टाळी वाजवली. "आल्या! सगळ्या चुका परत आल्या!"

बाळाभाऊंनी भिंत सोडून वळून बघितलं आणि डोळे पुसले. "एकही गेली नाही ना गं?"

"एकही नाही!"

सॉफ्टवेअर उघडलं, लायसन्स जागेवर, यादी जागेवर. मशीनची सुई खट्‌खट्‌ खाली-वर व्हायला लागली आणि 'मा'च्या पुढे 'मी' उमटलं. मामी निघाली! वहिनींनी मला मिठी मारली. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच खुर्चीत बसून हसत सुटले, आणि मग थोडी रडलेही. वहिनींनी पेढे मागवले. अण्णांच्या हातावर दोन ठेवले. "अण्णा, तुमच्या पोरीने आज लाज राखली आमची."

अण्णांनी स्कूटर परत दुकानाकडे वळवली. मी मागे बसून त्यांची पाठ बघत होते. काय चाललंय या माणसाच्या मनात, काही अंदाज येईना.

दुकानापाशी पोचलो तर दारात केकवाला उभा. बरोबर एक सुतार. सुतार आमच्या भिंतीला टेप लावून ओव्हन कुठे बसेल ते मापत होता, आणि विरारहून परत आलेला रसेल टेपचं दुसरं टोक धरून कसनुसा हसत होता.

अण्णांनी शांतपणे स्कूटर स्टँडला लावली. खिशातून पेढा काढून केकवाल्याच्या हातावर ठेवला.

"घ्या. गाळा मिळायचा नाही."

"अहो पण अण्णा, तुम्हीच म्हणाला होतात ना, गिऱ्हाइकांच्या त्याच त्याच चुका परत येतात म्हणून?"

"येतात कसल्या?" अण्णा म्हणाले. "आमची पोरगी स्वतः जाऊन आणते! एकूण एक!"