थोपटणारा हात

जर्मनीत मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होते, त्या वृद्ध घरमालकीणबाई गाडीतून उतरल्या की तिच्या तापलेल्या बॉनेटवर तळहाताने दोनदा हलकेच थोपटत. ओल्या गवताचा वास, निवत जाणाऱ्या इंजिनाची टिकटिक आणि त्यावर तो मऊ आवाज.

"वडिलांची सवय," एकदा त्या म्हणाल्या. सरदार घराण्यातले वडील घोडदळात अधिकारी झाले. पुढे घोडे गेले, रणगाडे आले, आणि रणगाड्यांची एक अख्खी डिव्हिजन त्यांच्या हुकमाने चालू लागली. खाली उतरताना ते पोलादालाही घोड्याच्या मानेसारखे थोपटत. त्या पोलादाखाली किती अंगणे चिरडली गेली, हे मात्र ते घरी कधी बोलले नाहीत. महायुद्धातल्या पराभवानंतर कैदेतून परतले, तेव्हा थोपटायला ना घोडा उरला होता ना रणगाडा.

"तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?"

"थोपटणे."

"घोड्यालाच ना?"

"घोड्यालाही. पण आधी बाळाला, झोप लागावी म्हणून."

हाताला केवळ ऊब कळते. ती कातडीची की पोलादाची, हे तो विचारत नाही, असे माझ्या मनात येत होते.

"वडिलांनी मला थोपटल्याचे आठवत नाही," त्या म्हणाल्या. "थोपटले असेलही. मी झोपले असेन तेव्हा."

आणि बॉनेटवर हात ठेवून त्या पुन्हा थोपटू लागल्या, या वेळी फार संथ, कुणाची तरी झोप मोडू नये इतक्या हळुवार.