काकूची मांजरपंगत

आमच्या सिहोऱ्याच्या घरचे किस्से मांजरांसारखेच वाढत गेले. एक सांगायला घ्यावा, तर मागून चार निघतात! त्यातले बरेचसे काकूच्या स्वयंपाकघरातले. सत्तर-ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धानाला उंदीर लागू नयेत म्हणून ठेवलेली मांजरं आमच्याकडे माणसांच्या आधी जेवायची.

काका रोज चिडायचे. "मांजराईचं झाल्यावर आमचं काय?"

"तुमाले धीर धरता येते," काकू भात कालवता कालवता म्हणायची. "त्याईले नाही येत."

एवढं कौतुक झाल्यावर माणूस चिडणार कसा? काका पाट ओढून वाट बघत बसायचे!

*

सरदार हा म्हातारा बोका, तोंडात एकही दात नाही. मनी लेकुरवाळी. आणि गुंड्या ऐन जवानीतला, दुसऱ्याच्या बशीत तोंड घालणारा. सरदार त्याच्यापायी उपाशी राहायचा, वाळत चालला होता.

काकूने गुंड्याची वाटी धान साठवायच्या उंच ढोलीवर ठेवली. "अंगात मस्ती हाय ना, चढू दे!" मनीला चुलीपाशी पोटभर. सरदारला काटे काढलेली मासोळी, मऊ भात आणि वरून कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं. डालग्यावर दगड! आत म्हातारा निवांत जेवतोय आणि बाहेर गुंड्या फेऱ्या मारतोय. महिनाभरात सरदारच्या अंगावर मांस आलं.

*

मनीची पिल्लं दुधाला तोंड लावेनात. शेजारीण म्हणाली, "बशीत तोंड बुडव ना त्याईचं!"

"तुह्या पोराले बुडवलं होतं काय?" काकूने विचारलं आणि दुधात बोट बुडवून एकेकाला चाटवत बसली. सगळी दुपार! त्या दिवशी आमचा चहा काळाच झाला.

*

काकूच्या बहिणीचे यजमान एकदा लाखनीहून एसटीने आले. झाकलेलं डालगं बघून खूश झाले. आज कोंबडीचा बेत! हळूच दगड काढून डालगं उचललं, तर खाली सरदार. ढोलीवरून गुंड्याने उडी टाकली आणि मासोळी घेऊन पसार!

"भाऊजी," काकू शांतपणे म्हणाली, "आता तुमीच भरवा त्याले."

कडक इस्त्रीतले भाऊजी मांडी घालून बोक्यासाठी दुसऱ्या मासोळीचे काटे काढत बसले.

*

आता शेवटचा. काका म्हातारपणीसुद्धा ऊस दातांनी सोलायचे, त्याचा फार तोरा. तेच सगळे दात भंडाऱ्याला जाऊन काढावे लागले. काकू मऊ भात कालवून द्यायची, तर ताट सरकवून द्यायचे. "मी का पोट्टा हाव?" नुसत्या चहावर दिवस काढले. गालफडं बसली. काकू चुलीपाशी तोंड फिरवून रडायची. आम्हालाही भीती वाटायला लागली होती.

एके दिवशी तिने सरदारसाठी भात कालवला आणि त्यातलाच काकांच्या ताटात वाढला. तोच भात, तीच मासोळी. ताट काकांपुढे ठेवलं, सरदारवर डालगं घातलं आणि पाठमोरी बसून राहिली. आम्ही पोरं दाराआडून बघत होतो.

काका बराच वेळ डालग्याकडे पाहत राहिले. आत सरदार मिटक्या मारत होता. मग त्यांनी हळूच ताट जवळ ओढलं.

"ऐकतेस का," काका म्हणाले, "एक डालगं माह्यावर बी घाल. पोट्टे पाहून राहिले!"