रिकामं मशीन

माझ्या आईला आयुष्यात एक धड झबलं शिवता आलं नाही, आणि तरी आमच्या शिवणवर्गात सगळ्यात जास्त मशीन तिनेच चालवलं. दोरा न ओवता. सुईखाली एकच फडकं, त्याची पार चाळण झालेली, आणि खाली तिचे ते भेगाळलेले पाय, खटाखट खटाखट. ती थांबली की आम्ही सगळ्यांनी तोंडं मिटायची आणि पुस्तकं कापडाखाली सारायची, असं ठरलेलं होतं.

आमच्यात बाईने प्रार्थना कानाने शिकायची, डोळ्यांनी नाही. प्रार्थनाघरात गुरुजी पडद्यापलीकडून एकेक ओळ सांगणार, आम्ही अलीकडून ती म्हणणार. पुस्तकाला हात लावायचा तो पुरुषांनी. मुलीला अक्षर शिकवणं म्हणजे घरात विंचू पाळणं, असं गुरुजी सांगायचे आणि घरोघरच्या आया माना डोलवायच्या. माझी आई सगळ्यात जोरात डोलवायची. ते नाटक नव्हतं हो. भाविक बाई होती ती, अगदी आतून. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

बाबा रंगारी होते. परांचीवरून पडले आणि गेले. दवाखान्यात आईसमोर कुणीतरी कागद धरला आणि इथे अंगठा दे म्हणालं. काय लिहिलंय विचारलं तर सगळे घाईत. शेवटी एका नर्सने तिला बाजूला बसवून तो कागद वाचून दाखवला, पाठीवरून हात फिरवला. मग बाबांना प्रार्थनाघरामागच्या जागेत पुरलं. शेवटची प्रार्थना गुरुजींनी स्वतः वाचली, सगळी गल्ली उभी होती. आई पुढे कितीदा म्हणायची, "माझ्या माणसाला काही कमी पडलं नाही गं. मलाही त्यांच्याच शेजारी झोपवा, प्रार्थना तेवढी नीट होऊ दे. दुसरं मला काही नको."

तर एकीकडे हे, आणि दुसरीकडे ती नर्स तिच्या डोक्यातून जाईना.

प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत कुठल्याशा मोठ्या संस्थेने बायकांसाठी शिवणवर्ग काढला होता. परदेशातून मदत यायची म्हणे. शिकवायला एक बाहेरची बाई होती, आमच्या पंथाची नव्हे. तिला आम्ही नुसतं बाई म्हणायचो. गुरुजींनी खोली दिली, कारण प्रार्थनाघराचे पडदे फुकटात शिवून मिळत. एक दिवस सगळ्या गेल्यावर आईने बाईंना गाठलं. मी तिच्या पदराला धरून उभी.

"हिला नर्स करायची. काय काय लागतं?"

बाई चपापल्या. "दहावी लागते. बाहेरून बसवता येईल, पण..."

"मग करा हिची दहावी. आवाजाचं मी बघते."

असा आमचा वर्ग सुरू झाला. हळूहळू आणखी मुली आल्या. माझी काकूसुद्धा आली, केस पिकलेली, ओठ हलवल्याशिवाय तिला एक शब्द वाचता यायचा नाही. बाहेर पायरीवर प्रार्थनाघराचा राखणदार खुर्ची टाकून बसायचा. म्हातारा गडी. तो म्हणायचा, "तुमच्या खडखडाटाने मला काय गाढ झोप लागते!" आई आतून ओरडायची, "मग झोपा की मुकाट्याने!" आणि पाय जोरात मारायची. त्या आवाजाखाली मी पाढे शिकले, नकाशे शिकले, हृदय कसं चालतं ते शिकले. "तूही शीक की," असं म्हटलं की आई फटकारायची, "मग मशीन तुझा बाप चालवणार का?" फटकळ होती. बाबा गेलेले असूनही तसंच म्हणायची.

संस्थेलासुद्धा बाईंनी वाचनाचं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी कौतुकाने फोटो छापले असते, आणि मग आटोपलंच.

अशी काही वर्षं गेली आणि माझी परीक्षा महिन्यावर आली. तेव्हा संस्थेच्या मॅडम आल्या, सोबत परदेशी पाहुणी. दोघींनी कानांवर हात ठेवले. "बाप रे, किती आवाज! कसं सहन करता तुम्ही?" आई घाईघाईने म्हणाली, "आवाज छान आहे की! सवय आहे आम्हाला." मॅडम हसल्या. पुढच्याच आठवड्यात टेम्पो आला. जुनी पायमशीनं उचलून नेली आणि नवी विजेची मांडली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत. बाईंना नको म्हणता येईना. का नको, हे काय सांगणार? मॅडमनी बटण दाबलं. सुई खालीवर व्हायला लागली आणि आम्ही सगळ्या ऐकत उभ्या राहिलो. मुंगी चालल्यासारखा आवाज. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दुसऱ्या दिवशी राखणदाराला झोप लागली नाही. खोलीतलं कुजबुजणंसुद्धा पायरीवर ऐकू जात होतं. "आज काय, शिवण बंद का?" त्याने विचारलं. तिसऱ्या दिवशी उन्हाचं कारण काढून त्याने खुर्ची खिडकीखाली आणली. वाईट माणूस नव्हता. त्याला नुसता कंटाळा आला होता, आणि रिकाम्या माणसाच्या कानाइतकं वाईट काही नसतं. आम्ही ओठांनी वाचायला लागलो, खुणा करायला लागलो. पण माझं पाठांतर राहिलं होतं, विज्ञानाचं सगळं. ते मनातल्या मनात होईना. तोंडाने घोकल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरतच नाही, आजही नाही.

मग आईलाच युक्ती सुचली. "प्रार्थनेच्या चालीवर म्हणा. चाल ओळखीची असली की शब्द कोण ऐकतंय?" बाईंना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, "हे जरा जपून हं." पण दुसरा इलाज नव्हता. आम्ही संध्याकाळच्या प्रार्थनेच्या चालीवर रक्ताभिसरण म्हणायला लागलो. आई सगळ्यात मोठ्याने म्हणायची, आणि म्हणताना हात जोडायची. मला हसू यायचं. तिला येत नसे. एकदा ती म्हणाली, "देवाला कळेल गं, माणसांचं सांगता येत नाही."

आणि झालं तेच. एका सकाळी राखणदार प्रार्थनाघराचं अंगण झाडत होता. झाडता झाडता अगदी भक्तिभावाने गुणगुणत होता, "उजव्या बाजूला अशुद्ध रक्त, डाव्या बाजूला शुद्ध..." गुरुजी दारात उभे होते. त्यांनी त्याला परत म्हणायला लावलं. म्हाताऱ्याने बिचाऱ्याने आनंदाने परत म्हटलं, वर सांगितलं, "मागच्या खोलीत शिकलो. बायका फार छान म्हणतात."

त्यानंतर काहीच घडलं नाही. तेच फार भयंकर होतं. गुरुजींनी कुणाला बोलावलं नाही, कुणावर आवाज चढवला नाही. वाटेत भेटले तर पूर्वीसारखे हसायचे. मला म्हणाले, "काय पोरी, शिवण कुठवर आलं?" मी म्हटलं, "पडद्यांना काठ लावतेय." ते म्हणाले, "छान, छान," आणि माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले. तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे. घरी येऊन मी आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि उठून दाराला कडी घातली.

परीक्षेला आठवडा उरला असताना मोठ्या प्रार्थनेचा दिवस आला. त्या दिवशी आम्ही सगळ्या बायका पांढरे कपडे घालतो, वर्षातले सगळ्यात चांगले. आत शिरलो तर धुपाचा वास दाटला होता आणि बायकांच्या बाजूची बाकं स्वच्छ, चकचकीत तपकिरी दिसत होती. समोरच्या भिंतीवर एक पाटी. आमच्या बाजूला पाटी कधीच नसायची, कुणासाठी असणार? काळ्या ठळक अक्षरात लिहिलं होतं. वाचायचं नाही म्हटलं तरी माझ्या डोळ्यांनी ते आधीच वाचलं होतं. "रंग ओला आहे. बसू नये." आणि पडद्याच्या फटीत गुरुजींचे पाय दिसत होते.

पुढे काकू होती. तिने पाटीकडे बघितलं. तिचे ओठ हलायला लागले, एक अक्षर, दोन अक्षरं, आणि मिटले. मग ती बाकाशी गेली आणि अख्ख्या अंगाने धप्पकन बसली, नव्या पांढऱ्या लुगड्यानिशी. तिच्यामागून वर्गातली एकेक पोर गेली आणि बसली. मीही बसले. कपड्यातून तो गार चिकट रंग मांडीला लागला आणि मी समोर बघत राहिले, बावळट चेहरा करून. कुणीही कुणाकडे बघितलं नाही. वर्गात नसलेल्या बायका तर बिचाऱ्या आधीच बसल्या होत्या.

आई मागे राहिली होती, बाहेर नळावर पाय धूत होती. ती आत आली आणि दारातच तिचं नाक वर झालं. आयुष्यभर बाबांच्या पँटीचे डाग रॉकेलने काढले होते तिने. पाटीकडे तिचं लक्षसुद्धा गेलं नाही.

"अगं बायांनो, उठा उठा!" ती ओरडली. "आंधळ्या झालात का सगळ्या? रंग ओला आहे!"

पडदा सरकला. असा पडदा सरकलेला मी जन्मात बघितला नव्हता. गुरुजी अगदी शांतपणे म्हणाले, "पाटी वाचलीस तू?"

"कस..." म्हणून आई थांबली. "कसली पाटी" असंच तिच्या तोंडात होतं, मला पक्कं ठाऊक आहे. तिने भिंतीकडे बघितलं. मग आमच्याकडे, रांगेने बसलेल्या, न उठलेल्या आमच्याकडे. माझ्यावर तिची नजर आली आणि तिथे थांबली. मी मान हलवली नाही. हलवता येत नव्हती.

"हो," आई म्हणाली. "वाचली."

"कोणी शिकवलं?"

"नवऱ्याने. रंगाच्या डब्यांवरून."

"आणि पुढे काय लिहिलंय पाटीवर?"

आईने डोळे बारीक करून पाटीकडे बघितलं, जणू अक्षर बारीक आहे. "बसू नका असं लिहिलंय. ओल्या रंगावर दुसरं काय लिहिणार?"

"मागच्या खोलीत प्रार्थनेच्या चालीवर भलतंसलतं कोण म्हणत होतं?"

"मीच. एवढा मोठा आवाज गल्लीत दुसऱ्या कुणाचा आहे?"

कुणीतरी पुरुषांच्या बाजूला फिसकन हसलं आणि गप्प झालं. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. या बाईने प्रार्थनाघराची पायरी चढायची नाही. ती मेली तर इथलं कुणी तिच्या दारात जाणार नाही, प्रार्थना होणार नाही, नवऱ्याशेजारची जागा मिळणार नाही. आई ऐकत होती. "नवऱ्याशेजारची" म्हणताना तिचा हात एकदा भिंतीला टेकला, एवढंच मी बघितलं. मग ती वळली, चपला घातल्या आणि गेली. मागे प्रार्थना सुरू झाली आणि आम्ही रंगात बसून ती म्हटली. मला अजून त्या प्रार्थनेची किळस येते, आणि अजून ती पाठ आहे.

आठवड्याने बाईंसोबत पडद्यांचं कापड आणायच्या निमित्ताने मी शहरात गेले आणि परीक्षा दिली. पास झाले. नर्स झाले. माझ्यासोबत आईलाही घेऊन आले, पण ती कधी रमली नाही. वर्षातून एकदा, मोठ्या प्रार्थनेच्या दिवशी गाडीने परत जायची आणि प्रार्थनाघराच्या कुंपणाबाहेर उभी राहून यायची. कुणी बोलायचं नाही तिच्याशी. काकूसुद्धा नाही. काकूला सुना होत्या, घर होतं, मी तिला दोष देत नाही. कधीकधी देते.

किती वेळा म्हटलं, "आई, आता तरी वाचायला शीक." तर म्हणायची, "एवढ्या लोकांत वाचता येतं म्हणून सांगून बसलेय. आता शिकायला बसले तर लोक हसतील."

गेल्या पावसाळ्यात तिने अंथरूण धरलं. काय होणार ते मला माझ्या कामामुळे दिसत होतं, तिला तिच्या पद्धतीने दिसत होतं. गावाहून कुणी येणार नव्हतं. मी निरोप पाठवला होता, उत्तर आलं नाही. एका दुपारी ती म्हणाली, "माझ्या वेळी कोण म्हणणार गं?" इतक्या हळू म्हणाली की ही माझीच आई का, असं वाटलं.

मी कपाटातून पुस्तक काढलं. तेच, ज्याला बाईने हात लावायचा नसतो. शहरात मीच विकत घेतलेलं, किती वर्षं घरात होतं, पण तिच्या भीतीने मी ते उघडलं नव्हतं. तिच्या उशाशी बसले आणि शेवटची प्रार्थना वाचायला लागले, शब्दावर बोट ठेवून, मोठ्याने.

तिने डोळे उघडले. दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. "हळू वाच," ती म्हणाली, "बाहेर ऐकू जाईल."

"जाऊ दे ऐकू."

मी वाचत राहिले. थोड्या वेळाने पलंग करकरायला लागला म्हणून मी वर बघितलं. चादरीखाली तिचे पाय हलत होते, वरखाली, वरखाली, आणि प्रार्थना संपेपर्यंत तिने ते थांबवले नाहीत.