भाऊनं बदललेलं बेअरिंग

भाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नळावर होते. डिंडोलीहून त्याचा शेजारी सायकल दामटत आला आणि म्हणाला, "प्रभाकरभाऊ स्टँडवरच गेले. रिक्षात बसल्या बसल्या." त्याला आता सव्वा महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, फार शांत माणूस होता. शांत... त्याला शांत कोणी केलं, ते मला ठाऊक आहे.

आम्ही अमळनेरकडचे. भाऊ माझ्या आधी सुरतेला आला आणि उधन्यातल्या एका लूम कारखान्याच्या शेठकडे ड्रायव्हर म्हणून लागला. त्याच्याच शब्दावर शेठनं आमच्या ह्यांना लूमवर घेतलं. शेठची गाडी जुनी, अवजड, पांढरी. तिची दुरुस्तीही भाऊच करायचा. एका हिवाळ्यात तिचं मागचं डावं चाक घरघरायला लागलं. भाऊनं जॅक लावून हलवून पाहिलं, तर चाक जागेवर खुळखुळत होतं. बेअरिंग झिजलं होतं. त्यानं शेठला चारदा सांगितलं. शेठचं उत्तर ठरलेलं, "गाडी चाले छे ने? तो चलाव." जेवताना भाऊ म्हणायचा, "एक दिन हे चाक दगा देई."

तो दिवस नवसारीच्या रस्त्यावर उगवला. चाक जाम झालं, गाडी गर्रकन फिरली आणि खड्ड्यात उतरली. मागं बसलेल्या शेठाणीचा हात मोडला, भाऊच्या कपाळाला खोक पडली. संध्याकाळपर्यंत शेठच्या तोंडून कारखानाभर झालं, ड्रायव्हर प्यायलेला होता. गळ्यात माळ असलेला माणूस तो! "चारचौघांत शेठला तोंडावर विचारतो," म्हणत तो आमच्याकडे आला आणि मी त्याला दारातच अडवलं. ह्यांची नोकरी त्याच शेठकडे, दोन पोरं शाळेत... मी म्हणाले, "भाऊ, तू बोलशील आणि आम्ही रस्त्यावर येऊ." तो म्हणाला, "जाऊ दे शोभे. मी काही बोलत नही." आमचे हे आत बसून सगळं ऐकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

गाडी ओढून आणली, तेव्हा शेठनं दुरुस्तीही भाऊलाच सांगितली. मी ह्यांचा डबा घेऊन कारखान्यात गेले होते, म्हणून पाहिलं. कपाळाला पट्टी बांधून तो जमिनीवर बसला होता. ड्रम काढला, एक्सल ओढून काढला, पुलर लावून जुनं बेअरिंग उपसलं. आतले गोळे जळून निळेकाळे पडले होते. नवं बेअरिंग, नवं सील, ग्रीस, मग चाक. जेवणाच्या आधी काम उरकलंसुद्धा. एवढंच काम होतं ते. एका सकाळचं. भाऊनं गाडी एक चक्कर मारून आणली आणि किल्ली शेठच्या हातात दिली. शेठ म्हणाला, "काले थी आवतो नहीं." उद्यापासून येऊ नकोस.

मग भाऊ लिंबायतला रिक्षा चालवायला लागला. भाऊबीजेला यायचा, ओवाळून घ्यायचा, पण जेवायला कधी थांबला नाही. मला शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते...

बाराव्याला शेठ डिंडोलीला आला. खुर्चीत बसला. "सारो माणस हतो," म्हणाला, "फक्त गाडी संभाळीने चलाववी जोईती हती." चांगला माणूस होता, फक्त गाडी जपून चालवायला हवी होती. ह्यांची नोकरी अजून तिथंच आहे. तरी माझ्यानं राहवलं नाही. म्हणाले, "शेठ, बेअरिंग गेलं होतं. भाऊनं तुम्हाला चारदा सांगितलं होतं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. खरंच गोंधळला होता. "कई गाडी?" त्यानं विचारलं. कुठली गाडी, हेच त्याला आठवेना. माझ्या भावाचं आयुष्य जिच्यापायी गेलं, ती गाडी त्यानं कधीच विकून टाकली होती.

भाऊची रिक्षा खोलीपुढं उभी आहे. दर रविवारी सकाळी तो तिची मागची चाकं एकेक करून उचलायचा, हातानं फिरवायचा आणि कान लावून बसायचा. गल्लीतले हसायचे. परवा वहिनीनं ती विकायला काढली. घेणाऱ्यानं खाली वाकून चाक फिरवून पाहिलं आणि विचारलं, "हिचं काम कोण बघायचं?" वहिनीनं भाऊचं नाव सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या हाताच्या कामाची चौकशी केली होती.

तो म्हणाला, "त्यांनाच बोलवा की."